शनिवारचा बाक

(मुलुंडमधलं प्रेमाचं घर, रविवारची दुपार. प्रेमा निवृत्त नर्स, गुणाजी तिचा नवरा, निवृत्त हवालदार. मीरा ही प्रेमाची भाची, लहान मुलांची डॉक्टर. जेवणं नुकतीच झाली आहेत.)

प्रेमा: चौऱ्याऐंशी नव्हे गं, त्र्याऐंशी. आपण वर्ल्ड कप जिंकलो ते वर्ष. गल्लीगल्लीत पोरांच्या हातात बॅट आली आणि भांडण झालं की तीच बॅट डोक्यात.

गुणाजी: बॅट नाय गो. बॅट महाग. सोडावॉटरच्या बाटल्या. फुटक्या ट्यूबलाइट. सायकलची चेन.

प्रेमा: झालं, आले मधे. तुम्ही सांगता की मी सांगू?

मीरा: दोघंही सांगा, पण पहिल्यापासून. काल माझ्याकडे तेरा वर्षांचा मुलगा आला, दंडावर चॉपरचा वार. मी त्याला विचारत होते कुणी मारलं, का मारलं, तर आमचे सर म्हणाले, ते पोलिसांचं काम, तू शिव आणि सोड. आणि त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली डॉक्टर नलिनी मॅडमचा फोटो, त्यावर लिहिलेलं, शनिवारचा बाक. मी म्हटलं, या बाईंबरोबर तर माझ्या मावशीनं काम केलंय.

प्रेमा: शिव आणि सोड. अगदी हेच शब्द आमच्याकडेही होते. मॅडम म्हणायच्या, प्रेमा, आपण डॉक्टर आहोत की शिंपी?

मीरा: तेव्हा केवढ्या होत्या त्या?

प्रेमा: पस्तिशीच्या असतील. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि चालायच्या अशा की राउंडला आम्हाला मागं पळावं लागायचं. आमचा वॉर्ड म्हणजे जुलाब, गोवर, न्यूमोनिया. पण गिरण्यांचा संप झाला आणि वर्षभरात वॉर्डाचा रंगच पालटला. बाप घरी बसलेले, पोरं रस्त्यावर. भांडुपच्या टेकडीवर दोन वाड्या, वरची आणि खालची. दोन्हीकडं आपलीच कोकणातली माणसं, एकाच गिरणीत एकाच पाळीला गेलेली. आणि त्यांची पोरं एकमेकांना फोडून आमच्याकडे यायची.

गुणाजी: आपली म्हणजे माझी. तुझी खंय? तुझो बापूस परभणीचो.

प्रेमा: लग्नाच्या वेळी नाही आठवली परभणी. तेव्हा रोज माझ्यासाठी मानखुर्दपर्यंत वाकडी वाट करून जायचा हा माणूस, ड्यूटी भांडुपला असून.

मीरा: काका, तुम्ही इस्पितळात काय करायचात?

गुणाजी: अपघात विभागात पोलीस चौकी असते ना, तिथे बसायचो. मारामारीतला पोर आला की नाव, पत्ता, कुणी मारला. पोर एकच सांगणार, पडलो. डोक्यात बाटलीची काच, आणि सांगतो जिन्यावरून पडलो. टेकडीवर जिना नाय ता नायच.

प्रेमा: आणि मॅडम कधी कुणी मारलं ते विचारायच्याच नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच. टाके घालून झाले, पोराला बिस्कीट दिलं, की हळूच विचारायच्या, तुझ्यामागून कोण येणार आहे इथं?

मीरा: म्हणजे?

प्रेमा: म्हणजे आता पुढचा कोण मार खाणार. मारणाऱ्याचं नाव पोरं सांगत नसत, ती चुगली झाली. पण पुढचा कोण, हे मात्र बोलून जायची. त्यात फुशारकी असायची ना. आता बघा, खालच्या वाडीच्या अमक्याची वाट लावतात आमचे. की मॅडमना कळलं.

गुणाजी: आमच्या साहेबांना सहा महिन्यांत जी खबर मिळायची नाय ती या बाईला एका बिस्किटात.

मीरा: झकास. मग शनिवार कुठून आला?

प्रेमा: तो ड्रेसिंगच्या खोलीमुळं. खोली मोठ्यांच्या सर्जरीची, आम्हाला फक्त शनिवारी मिळायची. म्हणून मुलांचे टाके शनिवारीच निघायचे. त्यावरून आया भांडायच्या, शनिवारी नखंसुद्धा कापत नाहीत आणि तुम्ही पोराचे टाके कापता? मॅडम सांगायच्या, बाई, पाप मला लागू दे, पोर घेऊन ये. तर असा सगळा गोतावळा शनिवारी, आणि खोलीबाहेर एकच लांब लाकडी बाक. धोंडूचं भांडण झालं ते मंगळवारी. वरच्या वाडीचा धोंडू, तेरा वर्षांचा.

गुणाजी: तिसऱ्यांदा.

प्रेमा: हो, त्या वर्षातलं तिसरं. पहिल्यांदा कपाळ, मग खांदा, आणि आता कोपरापासून मनगटापर्यंत हात. फुटक्या ट्यूबलाइटनं. आणि ट्यूबलाइट मारणारा खालच्या वाडीचा खंडू, त्याच्या भुवईत धोंडूनं मारलेली बाटली. दोघं एकाच दिवशी शिवले, म्हणजे टाके काढायचाही दिवस एकच, पुढच्या आठवड्याचा शनिवार. कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

मीरा: दोघंही एकाच शनिवारी.

प्रेमा: आणि एकटी येतात थोडीच. धोंडूबरोबर वरची वाडी, खंडूबरोबर खालची. व्हरांडा भरला. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि बघते तर बाकाच्या या टोकाला धोंडू, त्या टोकाला खंडू, मधे रिकामी जागा. भिंतीला टेकून दोन्ही वाड्या. मी यांना हाक मारायला पळाले.

गुणाजी: मी लाठी घेऊन आलो. पण लहान मुलांच्या वॉर्डात लाठी चालवायची कशी? पाळण्यात पोरं झोपलेली.

प्रेमा: आणि मॅडम बाहेर आल्या. चष्मा वर केला, दोघांकडं बघितलं. मला वाटलं, एकाला आत घेतील, एकाला घरी पाठवतील. तर म्हणाल्या, दोघं आत या. प्रेमा, आज हात कमी आहेत. धोंडूचा हात हलला तर कापेल, तेव्हा, खंडू, तू धर.

मीरा: ज्यानं कापला त्यानंच?

प्रेमा: त्यानंच. मी म्हटलं, मॅडम, मी आहे की. त्या म्हणाल्या, तू ट्रे धर. खंडूला नाही म्हणता येईना, बाहेर त्याची सगळी वाडी बघत होती, घाबरला असं दिसलं असतं. धरला त्यानं हात. मॅडम एकेक टाका कापतायत, चिमट्यानं ओढतायत, आणि खंडूला बघावं लागतंय. ती जखमेची लांबच लांब रेघ, त्यानंच काढलेली. चौथ्या की पाचव्या टाक्याला त्याच्या कपाळावर घाम आला. आणि हा वाडीचा हिरो असा सरळ धाडकन खाली.

गुणाजी: माझ्या बुटांवर. ह्यो दादा.

मीरा: बेशुद्ध?

प्रेमा: पांढराफटक. आणि धोंडूला असं हसू फुटलं की हात हलू नको म्हणून मीच ओरडले. मग व्हरांड्यातली वरची वाडी हसली, आणि मग खालचीसुद्धा. खंडूनं डोळे उघडले तर धोंडू त्याच्या तोंडावर पाणी मारतोय, चांगल्या हातानं. म्हणतो कसा, अरे येड्या, दुखतंय मला आणि पडतोयस तू.

मीरा: आणि मॅडम?

प्रेमा: मॅडम तर त्या दिवशी नाचायच्याच बाकी होत्या. चहा पिताना कप खाली ठेवेनात. म्हणाल्या, प्रेमा, इतकी वर्षं आपण यांना वेगळे बसवत होतो, केवढा मूर्खपणा. आता दर शनिवारी, ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्याला त्याच्याच शेजारी बसवायचं.

गुणाजी: पण गंमत तिथेच संपली.

प्रेमा: हो. कारण जाताना मॅडमनी धोंडूला नेहमीचा प्रश्न विचारला. तुझ्यामागून कोण? एरवी फुशारकीनं सांगणारा पोरगा, मान खाली घालून म्हणाला, खंडू. दादानं कोयता धार लावून ठेवलाय. काल्याच्या दिवशी, हंडीच्या गर्दीत.

मीरा: दादा म्हणजे?

प्रेमा: दशरथ. धोंडूचा थोरला भाऊ, एकोणीस वर्षांचा. बाप संपात खचला तो परत उठला नाही, घर दशरथच्या डोक्यावर. धाकट्याच्या हाताचा बदला घेणार म्हणून त्यानं चारचौघांत शब्द दिला होता. आणि दहीकाला चार दिवसांवर.

गुणाजी: मला कळलं तशी मी म्हटलं, बाई, आजच उचलतो त्याला. आमचे साहेबपण तयार. तर बाई मला म्हणते, उचलाल, मारून मारून सोडाल, आणि आता तो कोयत्यावाला पोरगा आहे तो बाहेर येताना दादा होऊन येईल. मग मी कुणाकुणाला शिवू? मला दोन दिवस द्या.

मीरा: आणि तुम्ही दिलेत?

गुणाजी: दिले. नोकरी गेली असती. पण ही बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती ना.

प्रेमा: मी मॅडमकडे बघत होते.

मीरा: मग खंडूला सांगितलं का, घरात बस म्हणून?

प्रेमा: सांगितलं ना. त्याला बोलावून घेतलं. तर तो म्हणतो, डॉक्टरबाई, मी खालच्या वाडीचा सगळ्यात वरच्या थराचा गडी, मी नाही चढलो तर हंडी फोडणार कोण? आणि दशरथच्या भीतीनं लपला म्हणतील, त्यापेक्षा मेलेलं बरं. चौदा वर्षांचं पोर, ओठावर मिसरूड नाही, आणि मेलेलं बरं. मॅडम त्याच्या पायांकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, खंडू, तुझा पाय मोडला तर?

मीरा: नाही. खोटं प्लास्टर?

प्रेमा: खोटं प्लास्टर. पाय मोडलेला गडी चढत नाही, त्यात लाज नाही. आणि लंगड्या पोरावर कोयता उचलला तर लाज दशरथची. मॅडमनी त्याला सांगितलं, आज घरी जाताना वाटेत घसरून पड, चार लोकांना दाखव, लंगडत घरी जा. उद्या प्लास्टर. पोरगा असा खूश झाला, जसं काही नाटकात काम मिळालं.

गुणाजी: पडला पण बेस्ट. माझ्या समोर, चौकीच्या दारात. मी खराच धावलो.

मीरा: आणि आईला?

प्रेमा: आईला मॅडमनी स्वतः टेकडीवर जाऊन सांगितलं. सोनूबाई तिचं नाव. तिनं मॅडमचे पाय धरले आणि म्हणाली, खराच मोडा हवा तर. 

मीरा: बाप रे.

प्रेमा: आता ऐक, गोंधळ कुठं झाला. प्लास्टरच्या खोलीत आमचा सीताराम. वीस वर्षांचा हात. त्याचं टेबल भिंतीला लावलेलं, पेशंटचं डोकं नेहमी खिडकीकडं, म्हणजे डावा पाय त्याच्या बाजूला येणार. मॅडमनी सांगितलं होतं, सीताराम, अलीकडचा पाय. आणि खंडू हवेत, तो चढून झोपला तो खिडकीकडं पाय करून.

मीरा: म्हणजे उजवा पाय अलीकडं आला.

प्रेमा: आणि सीतारामनं घातलं. तोंडात तंबाखू, डोकं खाली, विचारणार कशाला? मी दुसऱ्या एका बाळाचं सलाइन लावून परत येते तर उजवा पाय मांडीपर्यंत पांढरा. आणि पोरगा आदल्या संध्याकाळपासून लंगडत होता डाव्यानं. अख्ख्या टेकडीनं बघितलेलं.

गुणाजी: कापून दुसरं घालायचं तर प्लास्टरचं सामान संपलेलं. सोमवारशिवाय नाय.

प्रेमा: मी सीतारामला बोलले ते मी आता बोलणार नाही. मॅडमनी मात्र कपाळाला हात लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, आता कुणी बघू नये एवढंच. आणि बघितलं ते दशरथनंच. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वॉर्डाच्या दारात उभा.

मीरा: कोयता घेऊन?

गुणाजी: पिशवी होती खांद्याला. आत काय ता मी बघितलं नाय. मी मागे जाऊन उभा राहिलो, हाताच्या अंतरावर.

प्रेमा: खंडू आणि धोंडू दोघंही तिथंच होते बरं का, बाहेर बाकावर. खंडू प्लास्टर बदलून घ्यायला आलेला, धोंडू पट्टी बदलायला, आणि आमचं जांभळं औषध कापसाला लावून खंडूच्या प्लास्टरवर हंडीचं चित्र काढत बसलेला. दशरथ त्यांच्या समोरून पुढं आला, मॅडमच्या टेबलाशी. म्हणाला, डॉक्टरबाई, शनिवारी हा डाव्या पायानं लंगडत होता. आज प्लास्टर उजव्याला. आम्ही काय येडे आहोत?

मीरा: मॅडम काय म्हणाल्या?

प्रेमा: खोटं बोलतील असं वाटलं मला. त्या म्हणाल्या, नाही, तू बरोबर बघितलंस. पाय चांगला आहे. प्लास्टर खोटं आहे.

मीरा: सांगून टाकलं?

प्रेमा: सरळ. वर म्हणाल्या, तो बाहेर बसलाय, आणि मांडीपर्यंत प्लास्टर आहे, त्याला पळता येणार नाही. तुझं काम आम्हीच सोपं करून ठेवलंय. दशरथ म्हणाला, का घातलं पण? त्या म्हणाल्या, धोंडू म्हणाला म्हणून.

मीरा: धोंडूनं कुठं प्लास्टर घालायला सांगितलं होतं?

प्रेमा: सांगितलंच की, त्याच्या परीनं. दादानं कोयत्याला धार लावलीय हे पोर कशासाठी बोललं असेल? मॅडम तेच म्हणाल्या. हे तू धोंडूसाठी करतोयस ना दशरथ? मग धोंडूला विचारलंस का कधी? तो मला येऊन सांगून गेला. तुझ्याविरुद्ध. त्या पोराला किती जड गेलं असेल ते मला माहीत नाही, तुला माहीत असेल.

गुणाजी: तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. एवढा मोठा गडी, बारीक झाला.

प्रेमा: तो खिडकीच्या काचेतून बाकाकडं बघत राहिला. बाहेर दोघं त्या हंडीवरून वाद घालत होते, धोंडूनं वरच्या वाडीची हंडी मोठी काढली होती म्हणून. मग दशरथ बाहेर गेला. यांनी त्याच्यामागं पाऊल टाकलं, मॅडमनी हातानं थांबवलं. तो बाकासमोर उभा राहिला. धोंडूच्या हातातला कापूस पडला. खंडू तर भिंतीत शिरायला बघत होता. आणि दशरथ खंडूला म्हणतो, साल्या, चालताना उजव्या पायानं लंगड. प्लास्टर उजव्याला आहे.

मीरा: मावशी.

प्रेमा: एवढंच बोलला. धोंडूला म्हणाला, घरी चल, आई वाट बघतेय. आणि गेले दोघं.

मीरा: आणि काल्याच्या दिवशी?

गुणाजी: तो मी बघितला. मी होतो बंदोबस्ताला नाक्यावर. खंडू स्टुलावर, पाय पुढे, कुबडी बाजूला. गर्दीत वरच्या वाडीची पोरं सरकत सरकत त्याच्या अंगावर आली. तर दशरथ मधे. चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, पोराचा पाय मोडलाय, दिसत नाय काय? याला हात लागला तर माझ्याशी गाठ आहे. मी तिथेच उभ्यानं दोन ग्लास सरबत प्यालो.

प्रेमा: आम्ही दोघी अपघात विभागात बसून होतो. मॅडमची सुट्टी होती, तरी आलेल्या. स्ट्रेचर आत आलं की दर वेळी दोघी उठायचो. हंडीवरून पडलेले हात, कंबर, एकाचे दात. कोयता नाही. संध्याकाळी हे सरबताचे डाग पडलेला शर्ट घालून आले आणि म्हणाले, काय नाय झालं. मॅडम म्हणाल्या, गुणाजी, परत एकदा सांगा. यांनी परत सांगितलं. असं तीनदा सांगायला लावलं त्यांनी.

मीरा: आणि मग शनिवार सुरू राहिला?

प्रेमा: बावीस वर्षं. वरून ओरडा बसायचा, लहान मुलांच्या डॉक्टरला भांडणाशी काय करायचंय? लोक चेष्टेनं भांडणाची ओपीडी म्हणायचे. नंतर तीच ओपीडी बघायला दुसऱ्या इस्पितळांचे डॉक्टर येऊन बाकावर बसायला लागले. मॅडम शाळांत गेल्या, मंडळांत गेल्या, पोलीस ठाण्यात जाऊन साहेब लोकांना शिकवलं की पोराला कुणी मारलं विचारण्याआधी आता कोण मार खाणार ते विचारा. घाटकोपर, मानखुर्द, कुठं कुठं. मला बरोबर नेत. 

मीरा: सगळे वाचले?

प्रेमा: नाही गं. कसे वाचतील? अठ्ठ्याऐंशीत एक जयवंत होता, सोळाचा. दोन शनिवार आला, तिसऱ्या शनिवारी आला नाही. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांचे टाके काढले, खोलीला कुलूप लागलं, आणि मग अंधार पडेपर्यंत बाकावर त्याच्या जागेवर बसून राहिल्या. पुढच्या शनिवारी परत हजर. म्हणाल्या, प्रेमा, ही पोरं म्हातारी झालेली बघायची आहेत मला.

मीरा: आणि ते तिघं?

गुणाजी: दशरथ गेला मस्कतला, वेल्डर म्हणून. बहिणीचं लग्न केलं, टेकडीवर पक्की खोली बांधली. परत आला, गावाला देवगडला आंबे लावले. चार वर्षांपूर्वी वारला. झोपेत, स्वतःच्या पडवीत.

प्रेमा: खंडू औषधाच्या कंपनीत लागला, कंपनी बंद पडली, मग रिक्षा. आता त्याचा मुलगा चालवतो. सोनूबाई नव्वदीची होऊन गेली, शेवटपर्यंत मॅडमना दिवाळीच्या करंज्या पाठवायची. सीताराम निवृत्त होऊन राजापूरला गेला.

मीरा: आणि धोंडू?

प्रेमा: धोंडू पालिकेच्या बागेत माळी. दोन मुली, एक तर बँकेत आहे. मॅडम शेवटी बोरिवलीला त्यांच्या भाचीकडे राहायच्या, डोळ्यांना कमी दिसायचं. मी आणि धोंडू गेलो होतो भेटायला. त्या पलंगावर बसलेल्या. धोंडू पाया पडायला वाकला, तसा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला तो काढेचनात. चाचपत राहिल्या. आणि मग माझ्याकडे तोंड करून असं काही सांगितलं, जशी काही मोठी बातमीच.

मीरा: काय?

प्रेमा: म्हणाल्या, प्रेमा, बघितलंस का? याला टक्कल पडलंय.